नाव आधी, पुरावा नंतर : राज्य सहकारी बँक आणि २०१९ ची निवडणूक

२१ सप्टेंबर २०१९ रोजी निवडणूक आयोगाने महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, सक्तवसुली संचालनालयाने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटप प्रकरणी शरद पवार, अजित पवार आणि इतर अनेकांविरुद्ध गुन्हा नोंदवल्याची बातमी आली. मतदान २१ ऑक्टोबरला होते. निवडणूक तोंडावर असताना राजकीयदृष्ट्या नाजूक प्रकरणांत तपास यंत्रणांनी हात आखडता घ्यावा काय, हा प्रश्न महाराष्ट्रात याहून ठसठशीतपणे क्वचितच उभा राहिला असेल.

टेंभुर्णीसारख्या गावात हा प्रश्न केवळ घटनात्मक चर्चेचा राहत नाही. उजनीच्या पाण्याने माढा तालुक्यात ऊस आणला, उसामागोमाग कारखाने आले, आणि या भागातील सहकारी कारखानदारीची दोरी शेवटी राज्य सहकारी बँकेच्याच हाती राहिली. माढा लोकसभा मतदारसंघातून २००९ मध्ये खुद्द शरद पवार निवडून गेले होते. आजारी कारखान्यांना पुरेशा तारणाशिवाय कर्जे दिली गेली, पुढे तेच कारखाने कवडीमोलाने विकले गेले, आणि घेणाऱ्यांत संचालकांचेच नातलग होते, असा या प्रकरणातील मूळ आरोप. तो खरा असो वा खोटा, ज्याच्या उसाच्या बिलातून भागभांडवल कापले गेले त्या सभासदाला त्याची शहानिशा झालेली हवी होती. निवडणुकीपूर्वी तर विशेषच.

परंतु त्याच्या पदरी काय पडले? शहानिशा नव्हे, नाट्य. आपण बँकेचे कधीही संचालक नव्हतो, असे पवारांनी सांगितले आणि २७ सप्टेंबरला स्वतःहून संचालनालयाच्या मुंबईतील कार्यालयात जाण्याचे जाहीर केले. परिसरात जमावबंदी लागू झाली. अखेर पोलीस आयुक्तांनी विनंती केल्यावर त्यांनी तो बेत रद्द केला. त्याच सायंकाळी अजित पवारांनी आमदारकीचा राजीनामा दिला. साहित्याच्या अभ्यासकाने या दिवसांतील भाषा मुद्दाम पाहावी. ‘दिल्लीचे तख्त’ आणि त्यापुढे न झुकणारा महाराष्ट्र हा बखरींतून आणि पोवाड्यांतून आपल्या कानांत मुरलेला संकेत एका कर्जप्रकरणाला जोडला गेला, आणि तारण, थकबाकी, लिलाव हे कोरडे शब्द पाहता पाहता मागे पडले. हिशेबाच्या भाषेवर मानापमानाच्या भाषेने मात केली. १८ ऑक्टोबरला साताऱ्याच्या भर पावसातील सभेने उरलेले काम केले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या जागा २०१४ मधील ४१ वरून ५४ वर गेल्या. त्याला कारणे अनेक होती, पण या प्रकरणाने पक्षाचे नुकसान केले असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग अमेरिकेतल्यासारखा संकेत येथेही असावा काय? तेथील न्याय खात्यात मतदानापूर्वीच्या साधारण साठ दिवसांत राजकीय परिणाम करणारी उघड कारवाई टाळण्याचा अलिखित दंडक आहे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी, मतदानाला अकरा दिवस उरले असताना, हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाविषयी तपास संस्थेचे संचालक जेम्स कोमी यांनी संसदेला पत्र लिहिले आणि तो दंडक किती नाजूक आहे ते जगाला दिसले. आपल्याकडे तेवढाही संकेत नाही. ७ एप्रिल २०१९ रोजी निवडणूक आयोगाने महसूल विभागाला, निवडणूक काळातील कारवाई निःपक्ष व भेदभावरहित असावी, असा सल्ला दिला होता. तो सल्लाच होता.

तरीही साठ दिवसांच्या मौनाने आपले भागेल, असे मला वाटत नाही. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या हस्तक्षेपाने २०११ मध्येच बरखास्त झाले होते. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो २२ ऑगस्ट २०१९ रोजी. म्हणजे संचालनालयाचा मुहूर्त संशयास्पद वाटला, तरी त्यामागे न्यायालयाचा आदेश होता, आणि त्या आदेशामागे आठ वर्षांची निष्क्रियता होती. जी यंत्रणा आठ वर्षे निजते तिला शेवटचे दोन महिनेही निजायला सांगणे हा संशयितावरील उपकार झाला, मतदारावरील नव्हे. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना २१ मार्च २०२४ रोजी, आचारसंहिता लागू झाल्यावर पाचव्या दिवशी, अटक झाली. १० मे रोजी अंतरिम जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच लक्षात घेतले, की गुन्ह्याची नोंद ऑगस्ट २०२२ ची होती आणि अटक मात्र दीड वर्षाने झाली.

माझ्या मते बंधन हवे ते अपक्व प्रकरणावर. तपास पुरा होऊन आरोपपत्र तयार असेल, तर ते मतदानाच्या आदल्या आठवड्यातही दाखल व्हावे. मतदाराला ते जाणून घेण्याचा हक्क आहे. पण तपासाच्या पहिल्याच पायरीवर, पुरावा हाती येण्याआधी, प्रचाराच्या ऐन भरात नावे बाहेर पडू नयेत. २०१९ मध्ये घडले ते बरोबर उलट. नाव निवडणुकीत आले. एप्रिल २०२३ मध्ये संचालनालयाने आरोपपत्र दाखल केले, तेव्हा त्यात अजित पवार आरोपी नव्हते.

मधल्या काळातील तारखाही पाहाव्यात. आर्थिक गुन्हे शाखेने सप्टेंबर २०२० मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा अजित पवार उपमुख्यमंत्री होते. ते सरकार जून २०२२ मध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्याच शाखेला पुढील तपास आवश्यक वाटू लागला. जुलै २०२३ मध्ये अजित पवार पुन्हा सत्तेत आले. जानेवारी २०२४ मध्ये बंद करण्याचा दुसरा अहवाल आला. यांतली एकही तारीख साठ दिवसांच्या कुंपणात सापडत नाही.

आणि कुंपणाच्या आत घडते ते नेहमी फौजदारी असते असेही नाही. माढ्याचे लोकसभा मतदान ७ मे २०२४ ला होते. एप्रिलच्या अखेरीस याच राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी पंढरपूरच्या विठ्ठल सहकारी साखर कारखान्याची गोदामे सील केली. अध्यक्ष अभिजीत पाटील तोवर शरद पवारांच्या गोटात होते. ते उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले आणि कारखान्यासाठी म्हणून महायुतीला पाठिंबा जाहीर करून बसले. येथे ना फिर्याद होती ना आरोपपत्र, होती ती कर्जवसुली. मतदान झाले, महायुतीचे उमेदवार माढ्यात पडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाटील माढा विधानसभेवर, म्हणजे टेंभुर्णीच्याही मतांवर, निवडून आले ते पुन्हा शरद पवारांच्या पक्षाकडून.