'काउंट किती आले?' : आतड्याचा कॅन्सर, केमो आणि पांढऱ्या पेशी

आजचा एपिसोड हिस्टरीचाच आहे, पण यात राजे नाहीत, किल्ले नाहीत. आहे ती रक्ताच्या रिपोर्टवरची एक ओळ. सीबीसी नावाची साधी टेस्ट असते ना, त्यात पांढऱ्या पेशींचा आकडा येतो. मोठ्या निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,०००. माझ्या मामांची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो चालू होती, तेव्हा फॅमिली ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एकच मेसेज यायचा: "काउंट किती आले?" आकडा कमी आला की केमो पुढे ढकलली जायची आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे.

हा आकडा एवढा महत्त्वाचा झाला कसा?

त्यासाठी युद्धात जावं लागतं. २ डिसेंबर १९४३, इटलीतलं बारी बंदर. जर्मन विमानांच्या हल्ल्यात 'जॉन हार्वे' हे अमेरिकन जहाज उडालं. त्यात गुपचूप आणलेले मस्टर्ड गॅसचे बॉम्ब होते. तपासाला आलेले डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं, की रुग्णांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतायत. तिकडे येल विद्यापीठात गिलमन आणि गुडमन यांनी १९४२ मध्येच मस्टर्डचा एक भाऊबंद लिम्फोमाच्या रुग्णाला दिला होता. गाठी वितळल्या, पण हाडांतला मगज, म्हणजे रक्त बनवणारा कारखानाही खचला. काही काळाने गाठी परत आल्या. म्हणजे केमोच्या जन्मापासूनच कॅन्सर आणि पांढऱ्या पेशी एकाच निशाण्यावर आहेत.

आतड्याच्या कॅन्सरचं मुख्य औषध आलं १९५७ मध्ये: फाइव्ह-एफयू. उंदरांच्या गाठी युरॅसिल नावाचं रसायन जास्त ओढून घेतात, हे कळल्यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी त्याच युरॅसिलला फ्लोरिन चिकटवलं. पेशी फसते, ते आत घेते आणि डीएनएसाठी लागणारं थायमिन बनेनासं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर खोटा इनपुट दिला आणि प्रोसेस हँग झाली.

गोची अशी, की औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला कळते फक्त भराभर विभागणारी पेशी. आणि आपला मगज रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवतो. या पेशी जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडतात, पण रक्तात फार टिकत नाहीत. लाल पेशी जवळपास १२० दिवस चालतात, म्हणून त्यांचा तुटवडा उशिरा दिसतो. न्यूट्रोफिलचा स्टॉक मात्र पटकन संपतो.

१९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांवरून दाखवलं, की या पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका इन्फेक्शनचा धोका मोठा. आजही न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि अंगात ताप असेल, तर ती इमर्जन्सी असते. घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नसते. थेट हॉस्पिटल.

आता या गोष्टीतला ट्विस्ट. लेव्हामिसोल हे जंतांवरचं औषध. ते इम्युनिटी वाढवतं असं मानलं जायचं. १९९० मध्ये फाइव्ह-एफयू आणि लेव्हामिसोल एकत्र दिल्यावर तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. सगळे खूश! पण पुढच्या चाचण्यांत कळलं, की फोलिनिक ॲसिडची जोड दिली तर लेव्हामिसोलशिवायही काम होतं. शिवाय हे 'इम्युनिटीवालं' औषधच काही जणांच्या न्यूट्रोफिल जवळपास संपवून टाकायचं. आज व्हॉट्सॲपवर कोणी बूस्टर काढा पाठवला, की मला हाच किस्सा आठवतो. १९९१ मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिमला मंजुरी मिळाली. हे इंजेक्शन मगजाला न्यूट्रोफिल बनवायला लावतं. दावा नाही, मोजून दिसणारा परिणाम.

आणि २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या टीमने सूक्ष्मदर्शक रक्ताऐवजी गाठीवर लावला. ज्यांच्या आतड्याच्या गाठीत टी पेशी जास्त शिरल्या होत्या, ते रुग्ण जास्त जगत होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या एका खास जनुकीय प्रकारात टी पेशींचा ब्रेक काढणारं डोस्टारलिमॅब दिलं. पहिल्या १२ च्या १२ रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली, केमोशिवाय. हा प्रकार थोड्याच रुग्णांत असतो, त्यामुळे बाकीच्यांसाठी फाइव्ह-एफयू अजून कामावर आहे.

म्हणून घरात कोणाचे काउंट पडले, तर लगेच 'शरीर हरलं' असं समजू नका. औषध मगजापर्यंत पोचलंय, एवढंच तो आकडा सांगतो. गाठीचं काय झालं, ते स्कॅन सांगेल. आणि केमो एक आठवडा पुढे गेली, तर तो आठवडा कारखान्याला परत सुरू व्हायला दिलेला असतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत घरात थर्मामीटर आहे ना, ते एकदा बघून ठेवा!