मानेच्या इशाऱ्यावर फोन

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी करताना हात चिकाने माखतात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाच्या बाजारात मिरची निवडताना हातांची आग होते. अशा हातांनी फोन घ्यायचा कसा? कानात बसणाऱ्या बिनतारी इअरबडमधील गतिसंवेदक येथे उपयोगी पडतात. त्यातील त्वरणमापक वेगातील बदल टिपतो, तर जायरोस्कोप डोके किती व कोणत्या दिशेला वळले ते ओळखतो. ‘ॲपल’ने २०२४ मध्ये ‘एअरपॉड्स प्रो’च्या दुसऱ्या पिढीला ही सोय दिली. ‘सिरी’ने फोन आल्याचे सांगितल्यावर मान वरखाली हलवली की तो घेतला जातो, डावी-उजवीकडे हलवली की नाकारला जातो. मान बाजूला कलवून दिलेला, खान्देशात रोजचाच असलेला होकार मात्र या दोन खुणांत बसत नाही.