गाडी वाहून नेणाऱ्यांचा इतिहास

मोटारीच्या इतिहासात दोन माणसे ठळक दिसतात. एक ती बनवणारा आणि दुसरा ती विकत घेणारा. हेन्री फोर्ड आपल्याला ठाऊक असतो, संस्थानिकांच्या ताफ्यात किती गाड्या होत्या याचे किस्सेही ठाऊक असतात. या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस असतो. कारखान्यातून किंवा जुन्या मालकाच्या दारातून गाडी उचलून नव्या मालकाच्या दारात आणून ठेवणारा. त्याचे नाव कुठे सापडत नाही. आज त्याच्याविषयी थोडे लिहितो.

पहिले उदाहरण नेपाळचे. काठमांडूत राणा सरदारांच्या मोटारी १९५६ च्या कितीतरी आधीपासून धावत होत्या. पण खोऱ्यात जाणारा मोटाररस्ता, म्हणजे त्रिभुवन राजपथ, भारताच्या मदतीने बांधून १९५६ मध्ये खुला झाला. मग त्याआधीच्या गाड्या तिथे पोहोचल्या कशा? माणसांच्या खांद्यावरून. भीमफेदीपर्यंत गाडी आणायची, लांब बांबूंची चौकट करून तिच्यावर बांधायची आणि डझनावारी हमालांनी ती चौकट खांद्यावर घेऊन डोंगर चढायचे. त्या वाटेवर आठवडाच्या आठवडा जाई. या हमालांची छायाचित्रे आहेत. एका छायाचित्रात गाडीचा प्रत्येक भाग ओळखता येतो, खालच्या माणसांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण १९३१ चे. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने आपल्या पट्टेदार चाकांच्या गाड्यांची आशिया ओलांडणारी मोहीम काढली. बैरूतहून निघालेली ही तुकडी जॉर्ज-मारी हार्ट यांच्या नेतृत्वाखाली श्रीनगरला आली आणि तिथून गिलगिटच्या वाटेला लागली. वाट घोड्यांची होती. जिथे ती खचलेली होती तिथे गाड्यांचे सुटे भाग केले गेले आणि स्थानिक हमालांनी ते पाठीवर वाहिले. पुढे पुन्हा जोडणी. गिलगिटपलीकडे मात्र गाड्यांचा निरुपाय झाला आणि मंडळी घोड्यांवरून पुढे गेली. कंपनीने या मोहिमेची भरपूर जाहिरात केली. गाडीने हिमालय गाठला, हे जगाने ऐकले. गाडीला हिमालयात कोणी नेले, हे थोड्यांनी विचारले.

आपल्या मुंबईची गोष्ट याहून सपाट रस्त्याची, पण माणसे तशीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या जहाजाने, लाकडी खोक्यांतून गोदीत उतरत. पुढे सुटे भाग आणून इथेच जोडणे परवडू लागले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून नंतर फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. गोदीपासून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून गावोगावच्या दुकानापर्यंत हा माल पोहोचवणारे मुकादम, खलासी आणि ड्रायव्हर हा मुंबईच्या कामगार इतिहासाचाच भाग आहे.

राजेरजवाड्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ मध्ये रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट मागवली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. मागच्या बाजूला सिंहासनासारखी बैठक असलेली ही पिवळी गाडी फार थोडे मैल चालली. इंग्लंडपासून दख्खनपर्यंतचा तिचा प्रवास तिच्या स्वतःच्या चाकांवर झालेल्या प्रवासापेक्षा कितीतरी पटींनी मोठा! आज ती चौमहल्ला राजवाड्यात आहे.

हे सारे वाचण्याचे निमित्त माझ्या मामूंनी दिले. मामू सोलापूरचे, चाळीस वर्षे मिस्त्री. उस्तादांच्या हाताखाली त्यांनी पहिले इंजिन खोलले ते अँबॅसॅडरचे. आता हात थरथरतो. एक इंजिन शेवटचे स्वतःच्या हाताने बांधायचे, अशी त्यांची इच्छा. कोलकात्यात एका वृद्ध निवृत्त मास्तरांकडे १९६९ सालची मार्क टू होती. गाडीला तिकडे शोधणे साहजिकच, कारण हुगळीकाठच्या उत्तरपाड्यातच हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत बनवली. सौदा फोनवर ठरला. कागदांचे काम आणि वाहतूक ठरवणे माझ्याकडे आले, कारण घरात अर्ज लिहिणारा मास्तर मी.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी सतराशे किलोमीटर चालवत आणणे शहाणपणाचे नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर टोचन करून कुठवर आणणार? रेल्वेचा विचार केला. रेल्वेकडे मोटारी वाहण्याचे खास डबे आहेत. गंमत म्हणजे त्यांतले बरेच डबे जुन्या प्रवासी डब्यांतूनच तयार केलेले आहेत. पण ती सोय मुख्यतः कारखान्यांच्या घाऊक मालासाठी. शेवटी ट्रकच. बंद कंटेनर महाग, उघडा ट्रेलर स्वस्त. एका वाहतूकदाराने घरपोच म्हणून भाडे सांगितले आणि गाडी चढल्यावर 'नागपूरपर्यंतच' असा निरोप धाडला. घरपोच हा शब्द बिल्टीवर लिहून घ्यावा, हे त्यातून पुढच्या माणसासाठी. नागपूरहून यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर मार्गे दुसऱ्या सपाट गाडीवरून ती सोलापूरला आली.

जुनी गाडी पाठवणाऱ्यांसाठी मामूंच्या सूचना इथे नोंदवतो. टाकीत पेट्रोल चढवण्या-उतरवण्यापुरतेच ठेवावे. बॅटरीची तार सोडावी. काच, दिवे, मोनोग्राम यांचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, चेसिस आणि इंजिन नंबरचेही. पट्टे चाकांवरून आवळावेत, जुन्या बंपरला बांधू नयेत. चाकांपुढे लाकडी गुटके ठोकावेत. सुटे सामान गाडीत भरून देऊ नये. प्रवासापुरता विमा वेगळा घ्यावा.

पण खरी अडचण ट्रकची नव्हतीच. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कलम ४८ नुसार ३० दिवसांत कार्यालयाने होकार किंवा नकार कळवला नाही, तर ना-हरकत मिळाली असे मानले जाते. ही तरतूद अनेकांना ठाऊक नाही. आमच्याकडे नकार आला, लेखी आला. आरसी बुकावर मालकाच्या नावाआधी इंग्रजीत 'एस' आणि 'के' ही दोनच अक्षरे होती. बंगालमध्ये शेख हा शब्द असाच आखडून लिहितात. आधार कार्डावर तोच शेख पूर्ण अक्षरांत होता. कार्यालयाच्या मते ही दोन माणसे झाली.

मी उर्दू शिकवतो. वर्गात शीन, ये, खे ही तीन अक्षरे फळ्यावर काढली की शेख संपतो. देवनागरीतही तो एकाच पद्धतीने लिहिला जातो. रोमनमध्ये मात्र त्याची चार-पाच रूपे आहेत आणि ज्या कारकुनाला जे सुचले ते आपल्या नावाला चिकटले. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. पालक दाखला दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या आवाजात जी धास्ती असते, तीच त्या मास्तरांच्या फोनवरच्या आवाजात होती. अट्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मला विचारत होता की, मी मीच आहे हे आता कसे सिद्ध करू? मामू एवढेच म्हणाले, "नाम तो एकीच है बेटा, लिखनेवाले दो है."

दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर झाले. मग कळले की हस्तलिखित आरसी बुकाची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. तीही करून घेतली. दोन महिने गेले. सोलापुरात आता पुढचा टप्पा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीची नोंद 'विंटेज' म्हणून होऊ शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन यांसाठीच रस्त्यावर आणता येते. मामूंना ती रोज फिरवायची नाही. त्यांना ती खोलायची आहे.

या गाडीचा इतिहास उद्या कुणी लिहिला तर त्यात १९६९, उत्तरपाडा, मार्क टू एवढे येईल. बिल्टीवर मात्र दोन ड्रायव्हरांची नावे आहेत, चढवताना आणि उतरवताना दिलेल्या हमालीचा आकडा आहे, मधल्या मुक्कामांचे शिक्के आहेत. काठमांडूच्या हमालांना असा कागद कुणी दिला नाही, म्हणून ते छायाचित्रात बिननावाचे राहिले. आपल्या घरांतही ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, डेंटर, पेंटर होऊन गेलेली माणसे आहेत. त्यांचे जुने लायसन्स, गॅरेजच्या पावत्या, बिल्ट्या ट्रंकेत पडून असतील. त्या रद्दीत घालू नका. नाव जसे लिहिले आहे तसेच, चुकीच्या स्पेलिंगसकट, त्यांचा फोटो काढून ठेवा आणि मागे उर्दूत किंवा मराठीत त्या माणसाचे खरे नाव लिहा.