नीरेच्या कालव्यात नाव का नाही?

कालवा म्हटला की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचा मळा उभा राहतो. इंग्लंडातील माणसाच्या डोळ्यांपुढे नाव उभी राहते. मनुष्याने खणलेल्या एकाच प्रकारच्या जलमार्गाची ही दोन चित्रे इतकी भिन्न का व्हावीत, याचा उलगडा पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या इतिहासात बराचसा सापडतो.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले. पश्चिमेस आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि पूर्वेस पन्नास कोसांच्या आतच बारामती-इंदापुराचे तहानलेले माळ. नीरा, वेळवंडी आणि गुंजवणी यांचे पाणी एका बाजूने भीमेकडे जाते, तर वेल्ह्यातील आंबी आणि मोशी या नद्या मुठेला मिळून पुण्याकडे वळतात. राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याच्या या खोऱ्यांनी पाणी द्यावे आणि इतरांनी ते घ्यावे, हा क्रम गेली शंभरांहून अधिक वर्षे चालू आहे.

त्याचा प्रारंभ दुष्काळात झाला. 1876 ते 1878 या काळात दख्खन होरपळून निघाले. अशा दुष्काळात माणसांना काम द्यावे आणि पुढील दुष्काळाची तरतूद व्हावी, अशा दुहेरी हेतूने नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. वीर येथे नदीला बंधारा घालून पाणी वळविले आणि ते सुमारे शंभर मैल, पुरंदर, बारामती आणि इंदापूर या भागांतून नेले. उन्हाळ्यात नदी आटते, म्हणून वरच्या बाजूस वेळवंडीवर भाटघर येथे धरण बांधण्यात आले. ते 1892 साली पुरे झाले. त्या वेळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. अर्थात बुडाली ती संस्थानची जमीन आणि भिजली ती इंग्रजी मुलखातील! पुढे पाण्याची मागणी वाढली, तेव्हा अधिक उंच असे नवे धरण बांधून 1928 साली पुरे करण्यात आले आणि त्यास मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव मिळाले. सुमारे 1,625 मीटर लांबीच्या या दगडी भिंतीमागील जलाशय आता येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. स्वतः येसाजी याच खोऱ्यातील भुतोंड्याचे. हे नामांतर उचित झाले, यात शंका नाही.

आता गंमत अशी की, याच दुष्काळात मद्रास इलाख्यातही लोकांना खोदकामावर लावण्यात आले. परंतु तेथे जो कालवा खणला तो शेतासाठी नव्हता, नावांसाठी होता. समुद्रकिनाऱ्याला समांतर जाणाऱ्या जुन्या खारट कालव्याचे मद्रास शहरातील दोन नद्यांमधील तुकडे दुष्काळी मजुरांनी जोडले आणि 1878 साली त्यास बकिंगहॅम कालवा हे नाव पडले. त्यातून आंध्रातील सरपण, धान्य आणि मीठ शिडाच्या नावांनी मद्रासला येत असे. गोदावरीच्या मुखाजवळ सर आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमचा बंधारा बांधून जे कालवे काढले, तेही पाटबंधारे आणि जलमार्ग अशी दोन्ही कामे करीत. हिंदुस्थानात लोहमार्गांपेक्षा कालव्यांनीच माल वाहावा, असे कॉटनसाहेबांचे जन्मभराचे म्हणणे होते आणि 1878 साली विलायतेच्या पार्लमेंटच्या कमिटीपुढेही त्यांनी तेच मांडले.

मग नीरेलाच नावेचे वावडे का? याचे पहिले कारण पाण्याचा स्वभाव. शेतीचा कालवा वाहता हवा; तो संथ झाला की गाळ बसतो. नावेचा कालवा मात्र शक्य तितका स्थिर हवा, नाहीतर येताना जो सुखाचा प्रवास तोच परतताना प्रवाहाविरुद्धची ओढाताण होते. उत्तर हिंदुस्थानात 1854 साली सुरू झालेल्या गंगेच्या कालव्यात हे दोन्ही हेतू एकत्र साधण्याचा यत्न झाला. पण उतार अधिक पडल्याने प्रवाहाविरुद्ध नावा नेणे जिकिरीचे झाले आणि त्यावरून कॉटन आणि कालव्याचे शिल्पकार कॉटली यांच्यात कडाक्याचा वाद माजला. दुसरे कारण असे की, दख्खनचा कालवा पाळीने चालतो. पाटकरी दारे उघडतो तेव्हा पाणी, मिटतो तेव्हा कोरडा खड्डा. चिखलात बसलेली नाव घेऊन कोण व्यापार करणार? शिवाय शेतीचा कालवा शेवटाकडे चाऱ्यांत वाटला जाऊन बारीक होत जातो. तो कोणत्याही बंदराला मिळत नाही. सह्याद्रीने समुद्राची वाट अडविलेलीच आहे. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग नीरा गावावरून गेला आणि मालाचा प्रश्न तेथेच मिटला. कर्नूल-कडप्पा कालव्यावर एका खाजगी कंपनीने नावांच्या भरवशावर अतोनात पैसा घातला आणि 1882 साली तो कालवा सरकारला विकत घ्यावा लागला. हे पाहता नीरेवर नाव आणली नाही यात पुण्याच्या इंजिनिअरांचा शहाणपणाच दिसतो.

इंग्लंडात हे सारे उलट घडले. 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या खाणीतील कोळसा कालव्याने मँचेस्टरला येऊ लागला आणि तेथे कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या कालव्याचा कर्ता जेम्स ब्रिंडले हा फारसे न शिकलेला गिरणीदुरुस्ती करणारा कारागीर. त्याने पुढील कालव्यांवर खर्च वाचविण्यासाठी लॉक अरुंद केले. लॉक म्हणजे दोन दारांचा हौद. त्यात पाणी चढवून वा उतरवून नाव पायरीपायरीने टेकडी ओलांडते. हा हौद सात फूट रुंद, म्हणून नावही सात फुटांहून किंचित कमी रुंद आणि सत्तर फूट लांब. अशी ही आगगाडीच्या डब्यासारखी निमुळती नाव पंचवीस-तीस टन माल घेई आणि काठाने चालणारा एक घोडा ती ओढीत असे.

लोहमार्ग आल्यावर भाडे घसरले. गड्याचा पगार परवडेना, तेव्हा नावाड्याने घर सोडून बायकोमुलांसह नावेतच बिऱ्हाड केले. मागील बाजूस दहा फुटांची खोली; तीत चूल, बिछाना, कपाट आणि सारे कुटुंब. ही माणसे कपाटांवर नि दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवीत. बिऱ्हाड लहान असले तरी सुंदर असावे ही हौस माणसाची कोठेही सुटत नाही. परंतु आज या गावी, उद्या त्या गावी, अशा जिण्यात मुलांची शाळा कोठून होणार? 1877 साली नावांवरील वस्तीसाठी कायदा झाला, त्यात मुलांच्या शिक्षणाचीही तरतूद होती. तरी पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळशी मुले निरक्षरच राहिली. सोमेश्वर, माळेगाव, वालचंदनगर या नीरेच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांकडे कोयता घेऊन येणाऱ्या कुटुंबांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. नीरेच्या कालव्याने नाव वाहिली नाही खरी; पण तिच्या काठचा ऊस बैलगाडीने वाहिला, आणि गाडीबरोबर पोरेही वाहून नेली.

1948 साली इंग्लंडचे बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी महिनोन्‌महिने गोठून राहिले आणि उरलासुरला मालाचा धंदाही बसला. पण कालवे बुजले नाहीत. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने आपल्या नावेतील प्रवासाचे वर्णन 1944 साली प्रसिद्ध केले होते. त्यातून चळवळ उभी राहिली आणि हौशी माणसे नावा विकत घेऊ लागली. आज तेथे तीस हजारांहून अधिक नावा आहेत.

नाव बाळगणे मात्र गाय बाळगण्यासारखे आहे. रोज विचारपूस हवी. पोलादी बूड दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून खरवडावे लागते आणि डांबरासारखा काळा लेप द्यावा लागतो. गंजाने पोलाद खाऊ नये म्हणून बुडाला दुसऱ्या धातूचे तुकडे जोडतात. ते स्वतः झिजतात आणि नावेला वाचवितात. परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी, हा खर्च निराळाच. वेग ताशी चार मैलांहून अधिक ठेवता येत नाही, म्हणजे पायी चालणारा मनुष्यही बरोबरीने येतो. ज्याने नाव बांधण्याची कायमची जागा घेतलेली नाही, त्यास एका ठिकाणी सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. हौसेला मोल असते, ते असे.

मराठी माणसास खरा नावांचा कालवा पाहावयाचा असल्यास गोव्यात जावे. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्याने लोहखनिजाच्या बार्जी जात आल्या आहेत. 2016 च्या कायद्याने त्यास राष्ट्रीय जलमार्गांत स्थान मिळाले. तेथे भरती-ओहोटी आहे, बंदर आहे, माल आहे. नीरेकडे यातील एकही नव्हते.

तथापि भोर-वेल्ह्यात नाव आलीच नाही असे नव्हे. ती आली कालव्यात नव्हे, तर जलाशयात, आणि हौसेने नव्हे, तर गरजेने. भाटघरचे पाणी चढले तसे खोऱ्याचे दोन काठ एकमेकांपासून तुटले. जेथे पूर्वी नदी उतरून पलीकडच्या आळीत जाता येई, तेथे आता मैलोन्‌मैल वळसा किंवा होडी. वेल्ह्यात पानशेतच्या पाण्याने हेच केले. 12 जुलै 1961 रोजी ते धरण फुटले, तेव्हा पुण्याने आकांत पाहिला आणि तो दिवस पुणे विसरलेले नाही. पण धरण पुन्हा बांधून झाल्यावर त्याच्या पाठीमागील गावांना काठाकाठाने किती चालावे लागते, याची आठवण शहरात क्वचितच निघते.

जलाशयाच्या नावाड्यास इंग्लंडच्या नावाड्याला ठाऊक नसलेली एक अडचण असते. त्याचा काठ स्थिर नसतो. भाद्रपदात होडी जेथे लागते, ते ठिकाण वैशाखात उंच कोरड्या चढावर असते आणि पाण्यापर्यंत गाळाचा लांबच लांब पट्टा तुडवावा लागतो. प्रत्येक पाळीगणिक बारामतीकडे पाणी सुटते आणि येथील उतारू थोडा अधिक खाली उतरतो. कांबऱ्याचे जुने शिवमंदिर वर्षाचा बराच काळ याच पाण्याखाली असते. उन्हाळा कडक झाला की ते हळूहळू वर येते, आणि ज्या जागेवरून पावसाळ्यात होडी जाते तेथे लोक अनवाणी दर्शनास जातात.