लेकराची ओकारी आणि पावाचा तुकडा



दीड-दोन वर्षांचे मूल. सकाळी अंगणात खेळत होते, दुपारी एकाएकी भडाभडा ओकले. ताप नाही, काही वावगे खाल्लेले नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग घरात न्यायसभा भरते. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते दात येताहेत, कोणी म्हणते जंत झाले. आणि शेवटी सगळ्यांचे बोट वळते आईकडे. "तूच काहीतरी खाल्लं असशील, ते बाधलं पोराला!"

ही सभा माझ्या घरीही भरली होती. माझी धाकटी दर दीड-दोन महिन्यांनी दोन दिवस नुसती ओकत राही, आणि तिसऱ्या दिवशी काही घडलेच नाही अशा थाटात भाकरी मागे. जंताचे औषध झाले, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्यकातले मला काय कळणार? पण आपल्याला पडलेले कोडे पूर्वी कुणाला पडले होते का, हे धुंडाळण्याची खोड आम्हा मंडळींना असतेच.

पडले होते. सॅम्युअल गी नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८८२ साली नऊ मुलांची हकिगत छापली. वये चार ते आठ. ही मुले अधूनमधून काही तास, कधी काही दिवस ओकत राहात, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात अगदी ठणठणीत असत. माझ्या मुलीचेच वर्णन जणू! या दुखण्याचे पुरते कारण आजही हाती आलेले नाही. अर्धशिशीशी त्याचे नाते आहे एवढे कळले आहे. पुष्कळ मुलांची ओकारी वाढत्या वयात थांबते आणि पुढे त्यांतल्या काहींना अर्धशिशी जडते.

याच गीसाहेबांनी ५ ऑक्टोबर १८८७ रोजी दुसऱ्या एका बालरोगावर व्याख्यान दिले. एक ते पाच वर्षांची मुले. पांढुरके, घाण वासाचे, पातळ शौच. पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काड्यांसारखे. यातल्या काही लहानग्यांना वरचेवर ओकारीही होते, आणि कधी कधी तेच लक्षण आधी डोळ्यांत भरते. 'सिलिअक' रोग तो हाच. गींनी सांगितले की मूल बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच होईल. एका मुलाला रोज हॉलंडचे शिणाणे, म्हणजे काळ्या शिंपल्यांतले मांस, भरपूर खाऊ घातले तर ते चांगले सुधारले. हंगाम संपला आणि पुन्हा ढासळले. इतके जवळ आले होते ते! पिष्टाचे पदार्थ कमी द्या म्हणाले, आणि लगेच पुढे पावाचा पातळ तुकडा दोन्ही बाजूंनी भाजून द्यायला परवानगी दिली. चोर घरातच ठेवला, म्हणाना.

१९२४ साली अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली, श्रेय केळ्याला मिळाले. खरे श्रेय पाव बंद झाला याला होते.

चोर पकडला तो हॉलंडच्याच विलेम डिक यांनी. हेग शहरातल्या मुलांच्या इस्पितळाचे ते प्रमुख. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची कोंडी केली. वीस हजारांच्या आसपास माणसे गेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेना तेव्हा ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खालावली, अशी कथा सांगतात. ती खोटी नाही; पण युद्धामुळेच डिकना हे सुचले असे समजू नये. पाव बंद केल्यावर आपल्या मुलाचे अंगावरचे पुरळ जाते, असे एका आईने बऱ्याच आधी सांगितले होते आणि डिकनी ते कानाआड केले नाही. १९४१ मध्येच त्यांनी गव्हाविना आहारावर लेख लिहिला होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की गहू आणि राय दिली की रोग उठतो, तांदूळ-मका दिला तर उठत नाही. दोष ग्लुटेन या चिकट द्रव्याचा. सातूतही ते असते.

आता आपल्याकडचे पाहा. ज्वारी, बाजरी, नाचणी, भात यांत ग्लुटेन नाही. गव्हाची पोळी आपल्या आजीच्या काळी बऱ्याच घरांत सणावारी होई. आज पोराचे पोट बिघडले की आपण काय देतो? दुधात बुडवून टोस्ट नाहीतर बिस्किट! गीसाहेबांचा भाजलेला तुकडाच तो. म्हणून वरचेवरच्या ओकारीबरोबर वजन वाढत नसेल, पोट फुगत असेल, तर डॉक्टरांना या रोगाविषयी आवर्जून विचारा. मात्र रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, बरं का. आधीच बंद केला तर तपासणीत रोग लपून राहतो.

ओकणाऱ्या पोराचे पाणी तोडू नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी नातलगांच्या हाती देऊन तोंडाने पाजायला लावले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तीच जीवनरक्षक पूड आज आरोग्य केंद्रात मिळते. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ती कालवावी. ओकारीनंतर दहा मिनिटे थांबून चमचा-चमचा पाजावे. ओकारी हिरवी किंवा रक्ताची झाली, मूल मलूल पडले, सहा-आठ तास लघवी नाही, तर घरात सभा न भरवता थेट दवाखाना गाठावा.

आमच्या घरी सौभाग्यवतींनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर खुणा करायला सुरुवात केली : केव्हा ओकली, आदल्या दिवशी काय खाल्ले, झोप किती झाली. डॉक्टरांनी ते कॅलेंडरच मागून घेतले. जागरण झाले की दुखणे उठते हे त्यावरून दिसले. सहाव्या वर्षी ओकारी थांबली. मुलगी आता नववीत आहे. परीक्षेच्या दिवसांत डोके धरून अंधाऱ्या खोलीत पडते, तेवढेच.