बेटाचे काटे आणि बुरुडाची टोपली

बाळ मोशेला ज्या पेटाऱ्यात ठेवून नदीकाठी सोडले, तो त्याच्या मातेने लव्हाळ्याचा केला होता. हस्तकलेत रानगवताचे स्थान इतके प्राचीन आहे. आमच्या धर्मग्रामांतील घरोघरची सूप, रोवळी, टोपली हीदेखील गवताचीच. कारण वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवतच होय.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूची गणना वृक्षांत केली. रानातला बांबू कोणाला व कोणत्या भावाने द्यावा, हे सरकार ठरवू लागले. याचे फलित उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसले. १९५० च्या दशकाअखेरीस दांडेलीच्या कागद गिरणीला टनाला दीड रुपया दराने बांबू मिळू लागला. टोपल्या विणणाऱ्या मेदारांना, म्हणजे तेथील बुरुडांना, तो बाजारभावाने घ्यावा लागे. पुढे बेटे उजाड झाली, आणि दोष आला गरिबांच्या माथी.

बुरुडांनी दाद मागितल्यावर १९७५ च्या सुमारास माधव गाडगीळ यांनी तेथे संशोधन आरंभिले. गावकऱ्यांनी त्यांना खरे कारण दाखविले. तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाचे काटेरी आवरण काढले जाई. मग पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब गुरे खाऊन टाकीत. पाहणीअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले.

बांबूचा कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो. पण काठी पक्व होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणून जून काठी तोडावी, कोवळी राखावी, कोंब फुटताना बेटाला हात लावू नये. घरट्यातील पिल्ले घेणाऱ्याने पक्षिणीला सोडून द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तिचे मर्मही हेच: उपभोग घ्यावा, मूळ राखावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास मात्र एप्रिल २०११ उजाडले. २०१७ च्या दुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. कायद्याला हे उमगण्यास नव्वद वर्षे लागली!

ज्याला पुढल्या वर्षी त्याच बेटाकडे यायचे आहे, तोच आज कोंब राखतो. त्याचा हक्क हिरावला की राखणही संपते. बुरुडाच्या दारी टोपलीसाठी घासाघीस करण्यापूर्वी आम्ही सर्वांनी एवढे स्मरावे.