रक्ताची साक्ष

रोग्यास बरें करणें हें वैद्याचें कार्य खरें. परंतु रोग ओळखणें हें त्याच्या आधींचें कार्य होय. आमच्या पूर्वजांनीं हें जाणलें होतें, म्हणूनच माधवकरांनीं केवळ निदानावर एक स्वतंत्र ग्रंथ रचला. नाडी, जिव्हा, नेत्र, वर्ण यांच्या परीक्षेनें कुशल वैद्य पुष्कळ कांहीं ताडीत असे. तथापि कांहीं रोग असे आहेत, कीं त्यांचें खरें रूप उघड्या डोळ्यांस कधींहि दिसत नाहीं. नागपूर आणि विदर्भ यांस असा एक रोग पिढ्यान् पिढ्या पिडीत आला, आणि त्याला नांव मिळावयास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. सिकल सेल या रोगाची ही हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण परीक्षेचें साधन हातीं नसलें म्हणजे रोग्यास काय सोसावें लागतें, आणि तें हातीं आल्यावर समाजावर कोणती जबाबदारी येते, या दोन्ही गोष्टी तींत दिसून येतात.

या रोगाचीं लक्षणें पाहिलीं तर प्रत्येक लक्षण दुसऱ्याच एखाद्या व्याधीचें सोंग घेऊन येतें. डोळे पिवळे दिसतात, म्हणून लोक कावीळ म्हणतात. सांधे व हाडें असह्य ठणकतात, म्हणून वात म्हणतात. प्लीहा वाढते, म्हणून हिवतापावर दोष जातो. मूल फिकें पडतें, तेव्हां अन्न कमी पडलें असें वाटतें. आणि दोन दिवस कण्हत पडलेला मुलगा तिसऱ्या दिवशीं उठून बसला, कीं तो आळशी किंवा ढोंगी ठरतो. शरीराच्या वेदनेहून हा शेवटचा आरोप अधिक क्रूर होय. कारण त्याचें खंडन करण्यास रोग्यापाशीं कोणताच पुरावा नसे.

तो पुरावा रक्तांत होता. १९१० सालीं अमेरिकेंतील शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याप्रमाणें वांकलेल्या तांबड्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९१७ सालीं एमेल यांनीं रक्ताचा थेंब कांचेच्या दोन पट्ट्यांमध्यें बंद करून ठेवला, तेव्हां रोग्याच्याच नव्हे, तर त्याच्या धडधाकट बापाच्या पेशीहि वांकल्या! रोग रक्तांतून वारशानें येतो, आणि तो वारसा देणारा स्वतः निरोगी असूं शकतो, याची ही पहिली खूण होती. १९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें, कीं प्राणवायु कमी झाला म्हणजे पेशी वांकतात व तो परत मिळाला म्हणजे पुन्हां वाटोळ्या होतात. पुढें १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं विद्युत्प्रवाहाच्या साहाय्यानें रक्तांतील हिमोग्लोबिनचे दोन प्रकार वेगळे काढले. १९५६ सालीं व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं या दोहोंमधील भेद प्रथिनाच्या एका लहानशा तुकड्यांत आहे असें दाखविलें, आणि पुढच्याच वर्षीं तो अवघ्या एका घटकाचा असल्याचें सिद्ध केलें. एका अक्षराच्या चुकीनें संपूर्ण वाक्याचा अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार म्हणावयाचा!

हिंदुस्थानांत हा विकार आहे हें १९५२ सालीं कळलें. त्या वर्षीं लेहमन व कटबुश यांनीं निलगिरीच्या आदिवासींत तो नोंदविला, आणि त्याच वर्षीं आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतहि तो आढळला. नागपुरास १९४७ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें होतें. १९५८ सालीं नागपूरच्या आर. एन. शुक्ल व बी. आर. सोलंकी यांचा मध्य हिंदुस्थानांतील सिकल सेलविषयींचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत आला. जो रोग दूरच्या आफ्रिकेचा मानला जात होता, तो आपल्याच दारीं आहे हें तेव्हां वैद्यजगतास समजलें. पुढील शोधांत गोंड, माडिया, परधान या जमातींत, तसेंच महार व इतर अनेक जातींत हा दोष आढळला. यांत कोणाच्या कुळास कमीपणा येण्याचें कारण नाहीं. ज्याच्या अंगीं या दोषाचा अर्धाच अंश असतो त्यास प्राणघातक हिवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें, असें १९५४ सालीं अँथनी ॲलिसन यांनीं आफ्रिकेंत दाखविलें. जेथें डांस व जंगल, तेथें हा दोष टिकला. जातिभेदाचा नव्हे, भूमीचा हा इतिहास आहे.

आतां परीक्षांकडे वळूं. रक्ताच्या थेंबांत प्राणवायु शोषून घेणारें मेटाबायसल्फाइट घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें ही जुनी रीत. दुसऱ्या परीक्षेंत एका नळींतील द्रावणांत रक्त मिसळतात. दोष असल्यास तें गढूळ होऊन नळीमागील काळ्या रेघा दिसेनाशा होतात. ही परीक्षा स्वस्त आहे, खेड्यांतहि होते. परंतु तिची मर्यादा न ओळखल्यास अनर्थ ओढवतो. रेघा दिसल्या नाहींत एवढ्यावरून तो मनुष्य रोगी आहे कीं केवळ वाहक, हें ठरत नाहीं. शिवाय तान्ह्या मुलाच्या रक्तांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळें त्याचा दोष झांकलेला राहूं शकतो. यास्तव पॉलिंग यांच्या पद्धतीची विद्युत्परीक्षा, किंवा हल्लीं प्रचलित असलेली यंत्रानें हिमोग्लोबिनचे प्रकार मोजण्याची परीक्षा केल्यावांचून निर्णय देणें योग्य नव्हे.

रोगाचें नांव रक्त सांगतें. त्यानें शरीरांत कोठें घाव घातला हें चित्रें सांगतात. रॉन्टगेन यांनीं १८९५ सालीं शोधलेल्या क्ष-किरणांनीं मांडीच्या हाडाचा रक्तावांचून झिजलेला गोळा दिसतो. ध्वनिलहरींच्या चित्रांत प्लीहेचें व पित्ताशयाचें रूप कळतें. त्याहून विलक्षण गोष्ट मेंदूची. कवटीवरून ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतां येतो. तो दर सेकंदास २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या मुलास पक्षाघाताचा मोठा धोका असतो. अशा मुलांस नियमित रक्त दिल्यानें तो धोका पुष्कळ टळतो, हें अमेरिकेंतील १९९८ सालच्या प्रयोगानें सिद्ध झालें. येथें परीक्षा रोगाच्या मागून धांवत नाहीं. ती त्याच्या आधीं जाऊन वाट अडविते.

कोणी विचारील, निदान झालें तरी उपाय काय? १९५८ सालीं हा प्रश्न रास्त होता. पुढें मात्र १९८६ सालीं लहान मुलांस पेनिसिलिन दिल्यानें घातक जंतुसंसर्ग टळतात हें दिसलें, आणि १९९५ सालीं हायड्रॉक्सियुरिया या औषधानें वेदनेचे झटके कमी होतात हें सिद्ध झालें. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनीं तेंच औषध अल्प मात्रेंत मुलांस देऊन त्याचा गुण २०१२ सालीं प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील हा रोग सौम्य असतो, असा एक समज होता. परंतु नागपुरांत जन्मतःच तपासलेल्या मुलांचा पुढें कित्येक वर्षे मागोवा घेतल्यावर, पुष्कळांस तो मुळींच सौम्य नसतो असें आढळलें. म्हणून आज निदानास उशीर करणें म्हणजे हातचा उपाय दूर लोटणें होय.

राहिला विवाहाचा प्रश्न. वाहक स्त्रीपुरुषांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. एक वाहक व दुसरा निर्दोष असल्यास मूल रोगी होत नाहीं. इतका सरळ हा हिशेब. पण तो न समजल्यामुळें वाहक मुलगी 'रोगी' ठरून तिचें लग्न मोडतें, आणि त्याच घरांतील वाहक मुलाची परीक्षाहि कोणी करीत नाहीं. ज्या कागदानें मनुष्यास आळशीपणाच्या आरोपांतून सोडवावयाचें, त्याच कागदानें त्यास नवा कलंक लावावा, याहून मोठी विपरीतता कोणती?

१ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून केंद्र सरकारनें या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तींत २०४७ पर्यंतचें ध्येय ठेवून सात कोटि लोकांची तपासणी करण्याचा संकल्प आहे. संकल्प थोर आहे; पण रक्त तपासणें हें सरकारचें काम असलें, तरी त्याचा अर्थ नीट लावणें हें घराघराचें काम आहे. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पत्रिकेचे छत्तीस गुण मोठ्या आस्थेनें मोजतात. त्यांनीं वर आणि वधू या दोघांच्याहि रक्ताची परीक्षा त्याच आस्थेनें करवावी, आणि जें कळेल त्याचा उपयोग कोणास टाकण्यासाठीं नव्हे, तर जपण्यासाठीं करावा. रक्त साक्ष देतें. न्याय करणें आपल्याकडे आहे.